दगडाचा कापूस

आप्पांच्या वर्कशॉपमध्ये शिरायचं म्हणजे आधी कमरेचा पट्टा काढून दाराबाहेरच्या खुंटीला अडकवायचा. पाकीट चामड्याचं असेल तर तेही बाहेर. चपला सगळीकडेच काढाव्या लागतात, पण एका हातानं पँट वर धरून आणि दुसऱ्या हातात झिजलेला रॉड घेऊन परक्या माणसासमोर उभं राहायची पाळी माझ्यावर पहिल्यांदा तिथंच आली. मी नुकताच साखर कारखान्यात पंप फिटर म्हणून लागलो होतो. साहेबांनी निपाणीला पिटाळलं होतं, 'रिंगवाल्या आप्पांकडून पॅकिंग घेऊन ये' म्हणून. पट्ट्याचं कुणी सांगितलं नव्हतं. आप्पांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि कोपऱ्यातल्या सुतळीचा एक तुकडा तोडून पुढे केला.

"बांध. लाजू नगंस. हितं कलेक्टर आला तरी सुतळीच बांधतोय."

कलेक्टर तिथं कधी फिरकला नव्हता, हे वेगळं सांगायला नको.

आप्पांचं नाव नेमगोंडा. मूळचे सदलग्याचे, दिगंबर जैन. घरची शेती भावांकडे सोडून निपाणीत तंबाखूच्या वखारींच्या मागच्या गल्लीत त्यांनी हे वर्कशॉप टाकलं होतं. अंगानं काटक, आवाज मात्र अंगाच्या मानानं मोठा. कानावर पेन्सिल, अंगात बाह्यांचा पांढरा बनियन, आणि भुवयांवर कायम पांढरी लव बसलेली. त्या भुवया झटकायची त्यांना कधी गरज वाटली नाही. मीही त्यांना तसंच ओळखू लागलो होतो.

ते करायचे काय, हे थोडं सांगायला हवं. पंपाचा किंवा प्रेसचा रॉड जिथून बाहेर येतो तिथं भोवती फट राहते. रॉड सारखा हलतो, फिरतो, त्यामुळे ती फट कायमची बुजवता येत नाही, आणि उघडी ठेवली तर आतलं पाणी, वाफ, तेल सगळं बाहेर. म्हणून त्या फटीत दोरीच्या कड्या एकावर एक बसवून वरून आवळतात. याला आम्ही पॅकिंग म्हणतो. बाकीचे दुकानदार नुसती दोरी विकायचे आणि आम्ही ती जागेवर कापून कोंबायचो. आप्पा दोरी रॉडच्या मापाच्या दांड्यावर गुंडाळायचे, तिरका काप द्यायचे, आणि साच्यात घालून हातप्रेसवर दाबून तयार रिंगा द्यायचे. काळ्या, तुळतुळीत, टोकाला टोक बसलेल्या. दसऱ्याला कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आधी बसवायच्या, हंगाम संपेपर्यंत बघायला नको. दुसऱ्यांच्या दोऱ्या अर्ध्या हंगामात कोळसा होऊन बाहेर यायच्या.

मी नवखा होतो तेव्हा गळतीला फार भ्यायचो. एक थेंब पडला की पाना घेऊन धावायचो आणि आवळून टाकायचो. आवळून आवळून एकदा रॉडच तापवून ठेवला. तो निळा पडलेला रॉड घेऊन आप्पांकडे गेलो, तर आप्पा रॉडकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाले, "थेंब पडतोय म्हणून घाबराय काय झालं रं? पडू दे. त्या थेंबावरच रॉड थंड ऱ्हातोय. तू त्येचा गळाच धरलास की." मग त्यांनी रॉड मांडीवर घेतला आणि पॉलिशच्या कागदानं घासत बसले. घासताना तोंडानं चुकचुकत होते. जनावर दुखावलं असावं तसे.

लोखंडावर एवढी माया असणारा माणूस जिवावर किती करत असेल. आप्पांच्या सगळ्या धंद्याचं मूळ तिथंच होतं. तरुणपणी ते एका वखारीत तंबाखूच्या गाठी दाबायच्या प्रेसवर कामाला होते. त्या प्रेसमध्ये गळती अडवायला कातड्याचा वाटीसारखा कप असायचा, आणि बसवण्याआधी तो चरबीत भिजवून मऊ करायचा असायचा. मालकानं आप्पांना ते काम सांगितलं. त्यांनी केलं. घरी आले आणि परड्यातल्या दगडावर बसून राहिले, घरात पाऊल टाकेनात. नवीनच लग्न झालेल्या पद्माक्कांनी बादली आणून अंगावर पाणी ओतलं, तरी जेवायला उठेनात. "हाताचा वास जाईना रं," ते मला सांगायचे. "घास तोंडाजवळ आला की बैल दिसायचा." त्यांनी नोकरी सोडली आणि मनाशी पक्कं केलं, की ज्यात एकाही जनावराचा अंश नाही असं पॅकिंग आपण करायचं.

आधी त्यांनी सुती कॅनव्हास एरंडेलात भिजवून पाहिला. पाण्याच्या पंपाला तो चालायचा, वाफेपुढे करपायचा. मग मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं त्यांना ॲस्बेस्टॉसचं सूत दाखवलं. दगडाच्या खाणीतून निघतं, कापसासारखं पिंजता येतं, विणता येतं आणि आगीत टाकलं तरी जळत नाही. आप्पांनी ते सूत घेतलं आणि थेट चातुर्मासाला आलेल्या महाराजांपुढे नेऊन ठेवलं. हा किस्सा सांगताना त्यांचा आवाज हमखास खाली यायचा. "महाराजांनी बघितलं. जमिनीत हाय तवर त्यात बी जीव, म्हणाले. उपसून वाळल्यावर न्हाई. मग मी इचारलं, वापरू का? तर हासले. माझं मी काय समजायचं ते समजलो." पुढे ते त्याला दगडाचा कापूस म्हणू लागले. दुसरे लोक चरबी लावायचे, आप्पा एरंडेल आणि ग्रॅफाइट. मेणसुद्धा नाही, कारण मेण म्हणजे मधमाशीचं घर.

"सूत झाडाचं न्हाई, जनावराचं न्हाई," रिंग बोटावर फिरवत ते म्हणायचे. "आमच्या रिंगात पाप न्हाई रं दौलत. म्हणून टिकती."

मी खानापूरकडचा मराठा, मटणाच्या रश्शावर वाढलेला. मी मुद्दाम म्हणायचो, "आप्पा, आमचा बॉयलर पण शाकाहारी झाला आता. कांदा-लसूणही सोडतोय." आप्पा खळखळून हसायचे. आतून आक्का म्हणायच्या, "तू कधी सोडणार ते सांग." आणि माझ्यापुढे शेंगदाण्याची चटणी, भाकरी आणि ताक यायचं. त्या घरात पाणी फडक्यातून गाळल्याशिवाय तोंडाला लागायचं नाही. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची. नवरा-बायको एरवी मराठी बोलायचे, पण भांडण लागलं की कन्नडमध्ये घसरायचे. मला कन्नड बऱ्यापैकी कळतं, हे मी त्यांना कधीच कळू दिलं नाही.

वर्कशॉप घराला लागूनच होतं. शहापूरच्या एका विणकराकडून जुन्या मागाचे भाग आणून आप्पांनी दोरी विणायचं यंत्र उभं केलं होतं. आक्का सूत पिंजून पीळ द्यायच्या. त्यांच्या जोडीला शेवंता. शेवंता संकेश्वरजवळच्या एका खेड्यातली, नवऱ्यानं टाकलेली, निपाणीत विड्या वळून पोट भरणारी. बसदीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, वाटेवर आक्कांना ती खोकताना दिसली आणि आक्कांनी तिला तिथंच धरलं. "तंबाकूनं छाती जाईल गं तुझी. आमच्याकडं ये. आमच्यात तसलं काय न्हाई." शेवंता आली, आणि खरंच तिचा खोकला थांबला. आक्का हे सगळ्यांना कौतुकानं सांगायच्या.

त्या खोलीत पंखा नव्हता. पंख्याच्या पात्यात चिलटं, पतंग सापडतात म्हणून. खिडकीला दाट कापड ठोकलेलं, किडे आत येऊन यंत्रात चिरडू नयेत म्हणून. रोज यंत्र सुरू करण्याआधी आक्का मऊ कुंच्यानं सगळी जमीन हळुवार झाडायच्या, मुंगी दिसली तर कागदावर घेऊन बाहेर सोडायच्या. पाणी शिंपडायचं नाही. ओलीत जीव होतात आणि पुढे पायाखाली मरतात. म्हणजे झाडणं कोरडं, खिडकी बंद, हवा हलायची नाही. कवाडाच्या फटीतून उन्हाची तिरीप आली की त्यात पांढरी लव नुसती तरंगताना दिसायची. मला ती छान वाटायची. देवळात उदबत्तीचा धूर असतो तसं वाटायचं. आम्हा कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही.

पुढे शेवंता आईच्या आजारपणामुळे गावाकडे परत गेली आणि तिथंच राहिली. वर्षं गेली. आक्कांना धाप लागायला लागली. निपाणीत खोकल्याचं कुणाला काही वाटत नाही. तंबाखूच्या दिवसांत अख्खं गाव शिंकतं. आधी ते तंबाखूवर गेलं. मग एका डॉक्टरनं टीबी म्हणून औषधं सुरू केली. ती सगळी नेमानं घेऊन झाली तरी आक्का बसदीच्या चार पायऱ्या चढताना मध्ये बसू लागल्या. शेवटी मी माझ्या मेव्हण्याची गाडी घेतली आणि दोघांना बेळगावला एका मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथला डॉक्टर तरुण होता. त्यानं छातीचा फोटो उजेडावर धरला, आणि आजाराबद्दल काहीच न विचारता म्हणाला, "घरी काय काम करता?" आप्पांनी उत्साहानं सांगितलं. खिशात एक रिंग असायचीच, ती काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरनं तिला हात लावला नाही. खुर्ची जराशी मागे घेतली, हे मी पाहिलं.

"हा धागा जळत नाही, कुजत नाही, झिजत नाही," तो शांतपणे म्हणाला. "म्हणूनच तुम्ही वापरता, बरोबर? श्वासातून बारीक तुकडे आत गेले की तिथंही तसेच राहतात. फुफ्फुस त्यांच्याभोवती घट्ट होत जातं. यांची फुफ्फुसं आता दगडासारखी झाली आहेत. तुमचीही तपासून घ्या."

"काढता येत न्हाईत?" आप्पांनी विचारलं. "म्हंजे ऑपरेशन करून. एक एक धागा जरी काढाय लागला तरी आमी थांबतो."

डॉक्टरनं नुसती मान हलवली. पदराच्या टोकानं आक्कांनी टेबलावरची रिंग उचलली आणि पिशवीत टाकली.

परत येताना हत्तरगी मागे पडली. मला राग आला होता. आप्पांचा, महाराजांचा, मुंबईच्या त्या व्यापाऱ्याचा, आणि गाडी चालवता चालवता रडू येत होतं त्याचाही. मग मागच्या सीटवरून आप्पा म्हणाले, "पाणी गाळून पीत हुतो रं आमी. जल्मभर. हवा गाळाय पायजे हुती, ते कुणी सांगितलं न्हाई." आक्का कन्नडमध्ये एवढंच म्हणाल्या, "साकु." पुरे.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी वर्कशॉपला कुलूप लावलं. हंगाम तोंडावर आला होता, कारखान्याच्या स्टोअरमधून फोनावर फोन. आप्पांनी प्रत्येकाला कारण सांगितलं, अगदी मोकळेपणानं. एकानं "अरेरे" म्हटलं आणि तोच माल दुसऱ्या गावाहून मागवला. मी साहेबांशी भांडलो. पुढच्या वर्षी ॲस्बेस्टॉस नसलेलं नवीन पांढरं पॅकिंग आलं, पण तोवर एक आख्खा हंगाम आम्ही तेच नखांनी उकरून काढत होतो. मी फडकं ओलं करून तोंडाला बांधायचो आणि बाकीचे मला नवरी म्हणून चिडवायचे.

भाद्रपदात जैनांचं दशलक्षण पर्व येतं आणि ते संपलं की क्षमावणी. त्या दिवशी सगळे एकमेकांपुढे हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणतात. कळत-नकळत दुखावलं असेल तर माफ करा. दरवर्षी आप्पांचा मला फोन यायचा आणि दरवर्षी मी म्हणायचो, "आप्पा, तुम्ही मला काय केलंय? उलट मीच तुमची भाकरी खाल्ली." त्या वर्षी फोन आला नाही, म्हणून मीच गेलो. आक्का पलंगावर, नाकाला ऑक्सिजनची नळी. आप्पा त्यांच्या पायाशी जमिनीवर बसलेले. मला पाहूनही उठले नाहीत. माझ्यादेखत त्यांनी बायकोच्या पायांवर डोकं ठेवलं.

"बेड, बेड," म्हणत आक्कांनी पाय ओढून घेतले. नको, नको. दम लागला. थोडं थांबून, एकेक शब्द मोजत त्या बोलल्या. "मी घरची. माझी क्षमा तुमास्नी कवाच हाय. पर शेवंता? तिला विडीतनं काढून मीच आणली. तिला अजून ठावं न्हाई. तिला सांगून या."

आप्पा म्हणाले, "सांगून काय हुणार गं? औषध तर न्हाई. ती आपली सुखात असंल. उगंच जिवाला घोर."

मला ते पटलं होतं. खरं सांगायचं तर आजही निम्मं पटतं. पण आक्कांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "मग क्षमा मागू नगासा कुणाची," त्या म्हणाल्या. "जे सांगितलंच न्हाई त्येची कसली क्षमा."

त्याच दिवशी दारात मला निरोप देताना आप्पांनी माझ्यापुढेही हात जोडले. "तू बी हातानं काढलास ते, इतकी वर्सं. माझ्या रिंगा." मी लगेच त्यांचे हात धरले. म्हटलं, "आप्पा, सोडा. केली माफ. त्यात काय." त्यांनी हात सोडवून घेतले आणि थोडे नाराजच झाले. "लई लवकर केलास रं. इचार तरी करायचास."

आक्का थंडीत गेल्या. शेवटपर्यंत त्या आप्पांशी प्रेमानं बोलल्या, त्यांच्या हातून पाणी घेतलं, पण तो विषय परत काढला नाही. आप्पांनीही काढला नाही. संकेश्वर किती लांब आहे? गाडीनं तासाभराचं अंतर. ते जाऊ शकले नाहीत. मी त्यांना भित्रा म्हणणार नाही. आपल्या हातून जीव जाऊ नये म्हणून ज्यानं पंखा लावला नाही, त्यानं एका बाईच्या दारात जाऊन 'तुझ्या छातीत मी हे पेरलंय' म्हणायचं, याला किती बळ लागतं ते मला माहीत नाही.

आक्कांचं सगळं आटोपल्यावर एक दिवस सकाळी आप्पा स्वतः माझ्या दारात उभे. धोतर, टोपी, बसदीला जायचे कपडे. "गाडी काढ," म्हणाले. "शेवंताकडं."

शेवंता गावच्या शाळेत पोरांचं जेवण शिजवते. आम्ही गेलो तेव्हा ती भलं मोठं पातेलं घासत होती. आप्पांना बघून ती तशाच राखेच्या हातानं पाया पडायला वाकली, तर आप्पा सटकन मागे सरले. आक्का गेल्याचं ऐकून ती मटकन खाली बसली आणि मोठ्यानं रडली. "माझी आई गेली वो. विडीतच मेली असते मी. आक्कानं जगवली मला." आप्पा उभेच होते. तिचं रडणं थांबेपर्यंत थांबले, मग तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही मऊ केलं नाही. दगडाचा कापूस म्हणजे काय, आक्का कशानं गेल्या, आणि तिच्याही छातीत तेच असू शकतं.

शेवंता ऐकत राहिली. हातावरची राख वाळून पांढरी झाली होती. मला वाटलं, आता ही ओरडेल किंवा परत रडेल. तिनं यातलं काही केलं नाही. ती आठवत होती.

"सुनी तिथंच निजायची की वो आप्पा," ती म्हणाली.

सुनीता, तिची मुलगी. निपाणीला आली तेव्हा तान्ही होती. मला झटकन डोळ्यांसमोर आलं. पिंजलेल्या सुताचं पोतं वर्कशॉपच्या कोपऱ्यात पडलेलं असायचं, कापसाच्या गादीपेक्षा मऊ. त्यावर आक्का जुनं लुगडं अंथरायच्या आणि पोर त्यावर झोपायची. कधी उठून ती लव मुठीत धरून उडवायची, आणि आम्ही सगळे हसायचो. मी कित्येकदा पाहिलं होतं. डॉक्टरकडून आल्यापासून इतक्या दिवसांत मला एकदाही आठवलं नव्हतं. आप्पांच्या तोंडाकडे पाहिलं आणि कळलं, त्यांनाही नाही.

त्यांनी हात जोडले. शेवंताच बोलली, आणि फार सावकाश बोलली. "माझ्या वाटची क्षमा केली म्या. आक्काकडं बघून केली. पोरीच्या वाटची माझ्या हातात न्हाई, आप्पा. ती तिची तिला मागा."

सुनीता बेळगावात टिळकवाडीला एका वकिलांकडे टायपिंग करते. हुशार, कमी बोलणारी. मायलेकींना घेऊन आम्ही त्याच डॉक्टरकडे गेलो. शेवंताच्या फोटोत डाग निघाले, अजून हलके. सुनीताचा फोटो स्वच्छ. आप्पांनी दोन्ही हात वर करून देवाचं नाव घेतलं, तेव्हा डॉक्टर म्हणाला, "आज स्वच्छ आहे. याला दिसायला फार वर्षं लागतात. दरवर्षी बघत राहायचं." सुनीतानं फोटोचं पाकीट घडी न करता छातीशी धरलं आणि ऑफिसला उशीर होतोय म्हणून निघून गेली. आप्पांना तिच्याशी बोलायचं राहून गेलं.

त्यानंतर आप्पा झपाट्यानं उतरले. त्यांच्याही छातीत तेच होतं, पण त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. उलट धाप लागली की जरा समाधानी दिसायचे, आणि मला त्याचा फार संताप यायचा. एकदा मी ओरडलो, "तुम्ही मेल्यानं कुणाची छाती मोकळी होणार आहे?" ते म्हणाले, "न्हाई रं. पर माझीच तेवढी मोकळी असती तर तोंड कसं दाखवलं असतं?" दर महिन्याला मात्र विचारायचे, पोरगी कशी हाय, खोकती का, जिना चढताना थांबती का. मी चौकशी करून सांगायचो. ते डोळे मिटून ऐकायचे.

शेवटी शेवटी त्यांनी अन्न कमी केलं, बोलणंही. मला कळत होतं की ते कशासाठी अडून राहिलेत. मी सुनीताला फोन केला. म्हटलं, "बाई, मरणाऱ्या माणसाला दोन शब्द दे. तुझं काय जातंय?" ती रविवारी आईला घेऊन आली. आप्पांच्या उशाशी बसली, चमच्यानं पाणी पाजलं. आप्पांनी हात जोडायचा प्रयत्न केला, पण एकच हात वर आला. तिनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मी शेवंताकडे पाहिलं. ती पदर तोंडात धरून उभी होती.

"आप्पा," सुनीता म्हणाली, "तुम्ही मुद्दाम केलं नाही, हे मला माहीत आहे. आक्कांच्या मांडीवर मी वाढले. पण मला अजून काय झालंय तेच कळलेलं नाही. काही झालंच नाही, तर माफ करायला काही उरणार नाही. आणि झालं, तर त्या दिवशी मला काय वाटेल ते आज कसं सांगू? तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू का?"

मला त्या पोरीचा राग आला, फार राग आला. दोनच तर शब्द होते. आप्पांनी मात्र डोळे उघडून तिच्याकडे नीट पाहिलं, जसं ते पूर्वी तयार रिंग उजेडात धरून पाहायचे, कुठे फट राहिली आहे का ते.

"बरोबर हाय, बाळ," ते म्हणाले. "घाई करू नगंस."

त्याच आठवड्यात ते गेले. सुनीता मातीला आली होती. कोपऱ्यात एकटी उभी होती, आणि सगळ्यांत जास्त तीच रडली. दिवाळीनंतर तिचा पुढचा फोटो काढायचा आहे. तिला घेऊन मी जाणार आहे.